कळा आल्याचं कुणाला कळलंच नाही

सुई बघितली की मला भोवळ येते. लहानपणापासूनच. शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा मी रांगेतच कोसळले होते, आणि बत्तिसाव्या वर्षी, तिसरा महिना चालू असताना, कुकटपल्लीतल्या आमच्या घराजवळच्या लॅबमध्ये रक्त द्यायला बसले तेव्हाही खुर्चीतून घसरून खाली आले. डोळे उघडले तेव्हा नवरा माझे पाय वर धरून उभा होता, आणि लॅबमधली मुलगी त्याला तेलुगूत विचारत होती, की हिचं बाळंतपण कसं होणार?

प्रश्न बरोबर होता. मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. वर्गात साठ मुलांसमोर माझा आवाज कधी कापत नाही. पण बाळंतपणाचा विषय निघाला की मी तो बदलायचे. मी ठरवून टाकलं होतं, ऑपरेशन करून घ्यायचं. भूल देतील, झोपून जाईन, उठेन तेव्हा बाळ शेजारी असेल.

आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मीही तेच म्हणते. काही कळत नाही भुलेत. तेच बरं."

मला जरा नवल वाटलं. माझ्या मैत्रिणींच्या आया तर ऑपरेशनचं नाव काढलं की डोक्याला हात लावून बसत. माझी आई वीज खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली, बाबा वकील. चार पिढ्या आम्ही हैदराबादेत, माहेर मलकपेठला. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. ह्या एका गोष्टीवर आई एकच वाक्य बोलली आणि थांबली.

डॉक्टरबाई मात्र थांबल्या नाहीत. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, तेलुगू. मी ऑपरेशनचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "करू. पण सुईच्या भीतीने करत असाल तर सांगते, त्याची भूल पाठीच्या कण्यात सुई घालून देतात. तुम्ही जाग्या असता."

मी टेबलाची कड धरली. सायन्स शिकवणारी बाई मी, आणि हे मला ठाऊकच नव्हतं.

"आधी भीतीचं बघा," असं म्हणून त्यांनी कागदाच्या मागे एक फोन नंबर लिहून दिला. "ह्या बाई संमोहन शिकवतात. माझ्या दोन पेशंट त्यांच्याकडे शिकायला गेल्या होत्या. आवडलं नाही तर सोडून द्या."

संमोहन म्हणजे मला आठवायचा शाळेच्या गॅदरिंगला आलेला जादूगार. त्याने आमच्या पीटीच्या सरांना कोंबडा बनवून स्टेजवर फिरवलं होतं. तरी गेले, कारण पाठीतल्या त्या सुईने माझी झोप उडवली होती.

आबिड्सला बटणं, लेस, अस्तरं विकणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांचा हॉल होता. सहा चटया, दोन पंखे, भिंतीला टेकून ठेवलेले लोड. बाई साठीच्या पुढच्या. सगळ्याजणी त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायच्या. तीस वर्षं नर्स म्हणून लेबर रूममध्ये काढलेली. आधी दूरच्या एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, मग शहरात. निवृत्त झाल्यावर ही विद्या रीतसर शिकून घेतली आणि आता गरोदर बायकांना शिकवत होत्या.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुम्ही घड्याळ वगैरे फिरवता का?"

आपा हसल्या. "मैं जादू नइं करती बेटा. डॉक्टर का काम डॉक्टर करेंगे. मेरा काम इतनाच, के तुम्हारा बदन तुमसे लडना नक्को." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "दांत दबा को बैठे तुम. कब से?"

खरंच, मी दात आवळून बसले होते. कधीपासून ते मलाही माहीत नव्हतं.

"जबडा छोडो. कंधे छोडो. मुठ्ठी छोडो."

दोन आठवडे एवढंच चाललं. दर शनिवारी मेट्रोने जायचं, चटईवर कुशीवर पडायचं, आणि आपा सांगतील तो तो अवयव सैल सोडायचा. डोळे मिटून मन कुठेतरी टेकवायचं असतं, म्हणून त्यांनी प्रत्येकीला आपापली जागा निवडायला सांगितली. कुणी समुद्र निवडला, कुणी देऊळ. मी निवडला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला लंबक. श्वास सोडला की त्याचा झोका थोडा लहान व्हायचा, पुन्हा सोडला की आणखी लहान. आपांना सांगितलं तर म्हणाल्या, चलता.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला एकटीला पुढे बसवलं. डावा हात बर्फाच्या पाण्यात बुडवलाय असं समजायला सांगितलं. आधी बोटं गार, मग तळवा, मग मनगट. हळूहळू, तोच तोच शब्द पुन्हा पुन्हा, इतक्या संथ की खालच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा लांब गेल्यासारखे वाटले. मग म्हणाल्या, डोळे उघडा.

माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर आपांनी रोवलेल्या नखांच्या चार खुणा होत्या. खोल, लाल. एका खुणेत रक्ताचा ठिपका डोकावत होता.

मला काहीही लागलं नव्हतं. शेजारच्या चटईवरची मुलगी तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मला आनंद वगैरे झाला नाही. मी घाबरले. दुसऱ्या कुणाचा हात माझ्या मांडीवर ठेवलाय असं वाटलं.

"तुम्ही काय केलंत मला?" मी ओरडलेच.

"हाथ सुन्न मैं नइं करी," आपा म्हणाल्या. "तुमीच करे."

त्याच आठवड्यात मी लॅबमध्ये गेले आणि सुई आत जाताना बघत बसले. पडले नाही. बाहेर येऊन मात्र जिन्यावर बसून इतकी रडले, की ती लॅबमधली मुलगी बिस्किटाचा पुडा घेऊन मागे आली. ऑपरेशनचं मी पुन्हा डॉक्टरांकडे बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

घरी रोज सराव करायचा होता, आणि सूचना नवऱ्याने वाचायच्या होत्या. त्याचं घराणं मूळ शेतकरी मराठ्यांचं, जुन्या निजामी मुलखातलं. दोन पिढ्यांपासून शहरात. घरात मराठी बोलतात, पण शाळा झाली तेलुगू आणि इंग्रजीत. मी सुंदर अक्षरात लिहून दिलेला मजकूर त्याने दहा मिनिटं न्याहाळला आणि म्हणाला, "हे 'त्व' आहे की 'ल्व'?" शेवटी त्याने सगळं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलं आणि मेट्रोतल्या घोषणेसारख्या सपाट आवाजात वाचायला लागला. आपांनी ऐकून सांगितलं की हाच आवाज ठेवा, सवयीचा होऊ द्या.

आठव्या महिन्यात आई आमच्याकडे राहायला आली. आमचा सराव सुरू झाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. एकदा बाहेरच्या खोलीत तोंडली चिरत होती, तेव्हा मी तिच्याजवळ बसून सगळं समजावून सांगितलं. कळ आली की अंग सैल सोडायचं, श्वास लांब सोडायचा, आवाज न करता ती जाऊ द्यायची.

आईने सुरी खाली ठेवली. "गप्प राहायचं?"

"म्हणजे, ओरडावंसं वाटलं तर ओरडेन की. पण तशी वेळच..."

"गप्प राहायला कुणी सांगितलं? त्या बाईने?"

"अगं, तसं नाही..."

"मला हे पटत नाही," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. जुन्या माणसांना नवं काही पटत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. माझी आई असल्या जुन्या माणसांतली नव्हती, हे माहीत असूनही.

तारखेच्या आठवडाभर आधी, सकाळी सहा वाजता, मी अंथरुणातून उठले आणि पायावरून कोमट पाणी वाहिलं. सातपर्यंत पोट थांबून थांबून आवळायला लागलं. मी खुर्चीवर उलटी बसले, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकली, नवऱ्याच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या सूचना कानात लावल्या आणि लंबकाकडे बघत बसले.

तेव्हा कसं वाटत होतं ते सांगणं अवघड आहे. दुखत नव्हतं म्हटलं तर खोटं होईल. काहीतरी प्रचंड मोठं येत होतं, आवळत होतं, जात होतं. पण ते माझ्यापासून हातभर लांब होतं. शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवावं आणि आपल्याला ते जमिनीतून कळावं, तसं. मध्ये मी आईला म्हणाले, पोहे मस्त झालेत. आई माझ्याकडे बघतच राहिली.

नऊला आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो. बाबा मलकपेठहून परस्पर येणार होते. ड्यूटीवरची डॉक्टर नुकतीच शिकून बाहेर पडलेली दिसत होती. तिने विचारलं, "कळा येताहेत?" मी मान हलवली आणि हसले.

"हसताय म्हणजे अजून पुष्कळ वेळ आहे," ती म्हणाली. आतून तपासल्यावर, गर्भाशयाचं तोंड थोडंसंच उघडलंय, असं सांगून गेली.

मला एका खोलीत ठेवलं. हाताच्या शिरेत सुई घालून पट्टी लावली. मी बघत होते, काही झालं नाही. बाळाचे ठोके मोजायला पोटाला पट्टे बांधले. मशीनमधून कागद येत होता आणि त्यावर कळांच्या रेघा डोंगरासारख्या वर चढत होत्या. नर्सने कागद बघितला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. मग पट्टा नीट बसला नसेल म्हणून तो सोडून परत बांधला.

"इंका नोप्पुलु रालेदु," ती दुसऱ्या नर्सला म्हणाली. अजून कळा आलेल्या नाहीत. एवढं तेलुगू मला येतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी पुढची कळ आली, म्हणून मी डोळे मिटले.

बाहेरच्या बाकावर आई होती. बाबा येऊन तिच्याशेजारी बसले होते. नवऱ्याला खाली कागदांवर सह्या करायला बोलावलं, तो गेला. किती वेळ गेला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा ती नर्स माझ्या हाताशी सलाईनची बाटली लटकवत होती.

"हे काय आहे?"

"पेन्स आने का ड्रिप. पेन्स नइं आ रे ना आपको."

माझ्या अंगावरून एकामागून एक कळा जात होत्या, आणि ही बाई त्या आणखी वाढवायचं औषध मला लावणार होती, कारण मी ओरडत नव्हते! आपांनी आम्हाला पढवलं होतं, काहीही सुरू करण्याआधी कारण विचारायचं आणि तपासायला सांगायचं.

"आधी तपासा," मी म्हणाले.

"अब्बीच तो देखे मॅडम."

"पुन्हा तपासा. त्याशिवाय नको."

ती कुरकुरत गेली आणि त्या तरुण डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टरने हातमोजे चढवले, तपासायला सुरुवात केली, आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलला. आधी भुवया वर गेल्या, मग रंग उतरला.

"अय्यो," ती म्हणाली. "फुल उघडलंय. डोकं खाली आलंय."

नर्सच्या हातातली नळी सुटून खाली पडली. मीसुद्धा हबकले. मला वाटत होतं, निम्मं तरी बाकी असेल.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत माझं सगळं शिकलेलं पार गेलं. चाकांच्या पलंगावरून मला शेजारच्या लेबर रूममध्ये ढकललं. डोळ्यांवर दिवा आला. चारजण एकदम बोलायला लागले. कुणी फोनवर मोठ्या डॉक्टरांना बोलावत होतं, कुणी कपाट उघडत होतं, कुणी माझा पाय वर उचलून मांडी दाबून धरली होती. "पुश करो! जोर लगाव! मुंह बंद! सांस रोको!" मी लंबक शोधला. तो नव्हता. हातभर लांब असलेलं ते सगळं एका झटक्यात माझ्या अंगावर आलं.

इतकं दुखतं हे मला माहीत नव्हतं. कुणालाच आधी माहीत असू शकत नाही. मला ओरडायचं होतं, पण घशातून आवाज निघेना. श्वासच अडकला होता. "आवाज नक्को, ताकत नीचे!" नर्स माझ्या कानाशी ओरडली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात आई उभी होती. पायात चपला, पदर खांद्यावरून निसटलेला. "हात निकालो!" ती किंचाळली. "मेरी बच्ची को हात नक्को लगाव! निकालो हात!"

तीस वर्षं ऑफिसमध्ये जिने कुणाला चढ्या आवाजात हाक मारली नाही, ती माझी आई. बाजारात भाव करतानाही जी लाजते, ती. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या मांडीवरचा हात सुटला. नर्सने, पोलिसाने दटावल्यासारखे, दोन्ही हात वर केले. तरुण डॉक्टरचं तोंड उघडं राहिलं. खोलीत कुणी म्हणजे कुणी बोलेना.

त्या शांततेत मला माझा श्वास ऐकू आला. दात आवळलेले होते. मी जबडा सोडला. मग खांदे. मग मूठ, बोट बोट करून.

मोठ्या डॉक्टर धावत आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे बघितलं. "सब चुप," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लाइट बाजूला करा. अम्मा, चपला काढा आणि इकडे डोक्याशी या." आईला काही कळत नव्हतं. ती कुणीतरी धरून आणावी तशी आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. तो हात बर्फासारखा गार होता.

"घाई नाही," डॉक्टर मला म्हणाल्या. "शरीर सांगेल तेव्हाच जोर द्या."

लंबक परत आला नाही. दुखणं पुन्हा हातभर लांबही गेलं नाही. वीतभर गेलं असेल. पण तेवढी जागा मला पुरली. पाच कळा, कदाचित सहा. शेवटी जाळ लागल्यासारखं झालं, आणि मग एकदम काहीच नाही. पोट रिकामं. छातीवर काहीतरी ओलं, गरम, जड ठेवलं.

मुलगी होती. ती रडली नाही. डोळे उघडे ठेवून इकडेतिकडे बघत होती. सगळ्यांचा श्वास थांबला. नर्सने पंच्याने तिची पाठ खसाखसा चोळली, तेव्हा तिने तोंड वाकडं करून एकदाचा सूर लावला.

तेव्हाच नवरा कागदांची फाइल घेऊन दारात आला. त्याने विचारलं, "सुरू झालं का?"

दुपारी आम्ही सगळे वरच्या खोलीत होतो. मुलगी झोपली होती. बाबा मोसंबी सोलत होते, नवरा फोनवर सगळ्यांना कळवत होता. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. बाळाला बघून हसली, मांडीवर घेतलं, परत ठेवलं, पण बोलली नाही. लेबर रूममध्ये ती अशी का घुसली, हे विचारायचं कुणालाच धाडस झालं नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले होते, की बाकावर बसल्या बसल्या ती सारखी पुटपुटत होती, आवाज का येत नाही, आवाज का येत नाही. आणि आतून नर्सेसचा आरडाओरडा सुरू झाल्याबरोबर उठून पळाली.

तीच नर्स माझं ब्लडप्रेशर बघायला आली. आई एकदम उभी राहिली आणि तिच्यापुढे हात जोडले.

"माफ करो अम्मा मेरेकू. मैं समझी तुम लोगां मार रे."

नर्स गोंधळली. "मारते क्या अम्मा? कौन मारते?"

"मेरेकू मारे थे," आई म्हणाली.

बाबांचा हात मोसंबीवर थांबला.

मग आईने सांगितलं. आमच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत, मराठीत. माझ्या जन्माच्या वेळी सरकारी दवाखान्यात ती सात तास कळा देत होती. ओरडली म्हणून नर्सने आधी मांडीवर चापट मारली. परत ओरडली तेव्हा तोंडात मारली. तमाशा करू नकोस, म्हणाली. "मग मी पदराचा बोळा करून तोंडात घातला. तू झालीस तेव्हा माझ्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही. सकाळी तुझा आवाज येईना, आणि त्या बायका ओरडताहेत. मला वाटलं, हिलाही मारून गप्प केली."

ऑपरेशन कर, असं ती का म्हणाली होती, तोंडली चिरताना तिचा चेहरा का पांढरा पडला होता, हे मला त्या क्षणी उमगलं. बत्तीस वर्षं! माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तिला हे आठवत असणार. त्याच दिवशी ती सकाळी उठून मला ओवाळायची.

बाबा हळूच म्हणाले, "मी बाहेरच होतो."

"हो. व्हरांड्यात होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आनंदात होता. सगळ्यांना पेढे वाटत होता."

"त्या नर्सलाही दिले मी," बाबा म्हणाले. "दोन दिले."

"माहिती आहे. ती मला येऊन म्हणाली, तुझा मालक चांगला आहे."

बाबा उठले आणि बाहेर पॅसेजमध्ये गेले. जन्मभर लोकांचे खटले लढलेला माणूस. अर्धा तास ते खिडकीशी पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी आईसमोर खुर्ची ओढली आणि तिथेच बसून राहिले. नर्स कधी निघून गेली, आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आपांना फोन केला. सगळं सांगितलं, ड्रिपचं, लंबक हरवल्याचं, आईचं. शेवटी, आईला मारल्याचंही.



"मेरा भी हाथ उठा बेटा," आपा म्हणाल्या.

मी शेजारी झोपलेल्या मुलीकडे बघितलं.

"जवानी में. रात-दिन ड्यूटी, एक पलंग पे दो-दो औरतां. सब मारते थे, मैं भी मारी. किसी ने बोला नइं गलत है. मेरेकू भी लगा नइं. बाद में लगा."

माझ्या मनात झटकन हिशेब झाला, कोणतं साल, कोणता दवाखाना. मग आठवलं, त्या वर्षांत आपा इथे नव्हत्या, लांबच्या त्या जिल्ह्यात होत्या. आईला मारणारी बाई दुसरीच होती. मला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. तिथल्या बायकाही कुणाच्या तरी आयाच होत्या. ज्या आवाजाने माझी बोटं सैल झाली होती, तोच आवाज कधीतरी कुणावर तरी ओरडला होता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ माझ्या डाव्या हाताकडे बघत बसले.

बारशाला त्यांना बोलवायचं की नाही, मी दोन दिवस ठरवू शकले नाही. शेवटी आईनेच विचारलं, "त्या तुझ्या आपा येणार ना? मला भेटायचंय त्यांना." आपा फोनवर काय म्हणाल्या, ते मी आईला सांगितलं नव्हतं.

मलकपेठच्या घरी बारसं झालं. आपा दुपारी आल्या, बाळाला टोपरं आणलं होतं. पाळण्याशी दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग आईला म्हणाल्या, "आपसे एक बात करना था." दोघी मागच्या गॅलरीत गेल्या. मी मुलीला मांडीवर घेऊन खोलीत बसले होते. काचेतून त्यांच्या पाठी दिसत होत्या, ऐकू येत नव्हतं. आपा बोलत होत्या. आई कठड्याला धरून उभी होती. एकदा आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं ती आता आत निघून येईल. ती आली नाही. बऱ्याच वेळाने दोघी आत आल्या. आईने आपांना पानावर बसवलं आणि वाढलं, पण वाढताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "आई, काय बोलल्या त्या?"

आई उरलेला मसालेभात डब्यात भरत होती. "तुला माहीत होतं?"

"हो."

तिने झाकण लावलं. "म्हणाल्या, मारलेल्यांपैकी एकीचाही चेहरा आठवत नाही मला. खूप आठवून बघितला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आम्हा मार खाणाऱ्यांना तुम्हा मारणाऱ्यांचा आठवतो."

मुलगी रडायला लागली म्हणून मी आत गेले. मागून आईच्या भांडी आवरण्याचा आवाज येत होता.